चांदीच्या भावाखाली 925 चा भाव पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज सोन्या-चांदीचा भाव येतो, त्या छोट्या चौकटीबद्दल हे पत्र आहे, त्यात 925 च्या चांदीचा, म्हणजे हजारात 925 भाग शुद्ध चांदी असलेल्या मालाचा, भाव पण द्यावा असं माझं मागणं आहे. पण त्या चौकटीपर्यंत पोचायला मला जरा लांबून यावं लागणार, तेवढी जागा द्याल अशी आशा आहे.

1998 साली माझं लग्न झालं तेव्हा आईने मला पैंजणांची जोडी केली. तीन पदरांची साखळी, टोकाला घुंगरांचा घोस, वजन 210 ग्रॅम. तेव्हा चांदी किलोला दहा हजारांच्या आत होती, पण आमच्यासाठी ते पैसे पण मोठेच, आईने शिवणकामातून दीड-दोन वर्षं बाजूला काढून ठेवलेले. दुकानदाराने तिला सांगितलं "एकदम चोख चांदी आहे, डोळे झाकून घ्या" आणि एका चिठ्ठीवर पेन्सिलीने वजन आणि रक्कम लिहून दिली. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, त्यावर टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती तो आकडा, नाही, शिक्का नाही, दुकानाचं नाव सुद्धा नाही.

2025 च्या दिवाळीच्या तोंडावर मुलीच्या हॉस्टेलचे पैसे भरायचे होते आणि चांदी तर रोज वर चाललेली, म्हटलं पैंजण मोडूया, आता घालणार तरी कोण. म्हापशाला एका पेढीवर गेले. तिथल्या माणसाने पैंजण मशिनखाली धरलं, आधी कडी, मग साखळी, मग घुंगरांच्या जवळ, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. कडी 71, साखळी 66, घुंगरांजवळ 50 च्या आसपास. "सरासरी 62 टंच धरतो बाई" म्हणाला. म्हणजे 210 ग्रॅममध्ये चांदी 130 ग्रॅम. त्या दिवशी भाव ग्रॅमला दीडशेच्या पुढे होता, सोपा हिशोब म्हणून दीडशेच धरा, मी घरातून निघताना डोक्यात साडेएकतीस हजार घेऊन निघालेले आणि हातात येणार होते साडेएकोणीस, त्यातून परत गाळण्याची घट वेगळी. बारा हजारांचा फरक. मी पैंजण उचललं आणि घरी आले. पैशांचं वाईट वाटलंच, पण बसमध्ये सगळा वेळ मला आईच आठवत होती, ती ते पैंजण कापसात गुंडाळून ठेवायची आणि येईल त्या बाईला सांगायची, चोख चांदी आहे हो.

पेढीवाल्याने फसवलं असं मी म्हणत नाही, त्याने मशिन समोर दाखवलं. नंतर डिचोलीला आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या सोनार शेटकडे जाऊन बसले आणि सगळं विचारून घेतलं. त्यांनी पैंजण बोटांवर घेऊन एकेक घुंगरू फिरवून दाखवलं. प्रत्येक घुंगरू दोन वाट्यांचं असतं, त्या दोन वाट्या झाळून जोडायच्या, मग वरची कडी झाळायची, मग ती कडी साखळीला झाळायची. झाळ म्हणजे काय तर चांदीतच तांबं, जस्त मिसळून केलेला डाक, तो चांदीच्या आधी वितळला पाहिजे म्हणून त्यात भेसळ करावीच लागते, नाहीतर जोड बसायच्या आधी दागिनाच वितळेल. टाकणखार लावायचा, फुंकणीने ज्योत द्यायची, डाक पाण्यासारखा धावतो आणि क्षणात बसतो. एका जोडीत असे शेकडो जोड. म्हणजे घुंगरांचं पैंजण 100 टंच असूच शकत नाही, शेट म्हणाले प्रामाणिक कारागिराने केलं तरी आकडा खाली येणारच, आणि वर साखळीची तारच हलक्या चांदीची घेतली की मग साठ-पासष्टला जातं. हे धंद्यातल्या सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे. आईला माहीत नव्हतं. तिच्याकडून पैसे मात्र पूर्ण चोख चांदीच्या भावाने घेतले, वर मजुरी वेगळी.

आजीच्या वेळी हे असं नव्हतं, निदान रुपयाच्या बाबतीत तरी. आजीच्या फण्यांच्या डब्यात चार चांदीचे रुपये होते, दोन राणी छाप आणि दोन आपल्या गोव्याचे, पोर्तुगीज राजा दों लुईशच्या डोक्याचे, 1882 चे. मी लहानपणी ते तागडीत घालून खेळायचे, दोन्ही बाजू बरोबर समान यायच्या, आणि त्या समान का येतात ते फार नंतर कळलं, कारण तेव्हा गोव्याचा रुपया ब्रिटिश रुपयाच्या मापानेच पाडला होता, वजन 11.66 ग्रॅम म्हणजे एक तोळा आणि चांदी 91.7 टक्के. जुन्या बायका हेच रुपये सोनाराच्या हातात देऊन दागिने करून घ्यायच्या, म्हणजे चांदी किती कसाची ते आधीच ठरलेलं, सरकारने शिक्का मारून सांगितलेलं, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला पण विचारायची गरज नव्हती. 1882 मध्ये जे आजीच्या आजीला मिळत होतं ते 1998 मध्ये माझ्या आईला मिळालं नाही आणि आज माझ्या मुलीला पण दुकानात मागितल्याशिवाय मिळत नाही, माझं दुखणं एवढंच आहे.

आता तुम्ही म्हणाल हे आत्ताच का. तर आत्ता सगळा गोवा चांदी घेत सुटलाय म्हणून. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीत पण तोच विषय. 2025 च्या सुरुवातीला किलोला नव्वद हजारांच्या आसपास असलेली चांदी डिसेंबरात 2 लाखांच्या वर गेली, व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट फिरायला लागले, आणि ज्या बायका कधी एफडीच्या पलीकडे गेल्या नाहीत त्या चांदीचं तबक, निरांजन, पेले असं घेऊन आल्या आणि म्हणतात इन्व्हेस्टमेंट केली. माझ्या जाऊबाईंनी चवथीचं निमित्त करून पाऊण किलोचं पूजेचं ताट-सेट घेतलं. चांगलं आहे, देवापुढे शोभतं. पण इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतलं असेल तर त्यावर 3 टक्के जीएसटी गेला, मजुरी गेली, आणि विकायला गेल्यावर टंच लागणार. भाव बराच चढल्याशिवाय घातलेले पैसे सुद्धा परत येत नाहीत, हे त्यांना दुकानात कोणी बोललं नाही.

आणि चांदीचा भाव चढतो तसा उतरतो पण, आणि उतरतो तेव्हा सोन्यासारखा हळूहळू नाही. 1980 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदी गोळा करून करून औंसाला जवळजवळ 50 डॉलरपर्यंत नेली आणि मार्चच्या शेवटी ती 11 डॉलरच्या खाली आली. 2011 च्या एप्रिलात परत पन्नासच्या जवळ गेली आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच 35 च्या आसपास. 2020 मध्ये कोविडच्या मार्चात 12 च्या खाली. 50 ची रेघ नीट ओलांडायला ऑक्टोबर 2025 उजाडावं लागलं, म्हणजे 1980 मध्ये टोकाला घेतलेल्या माणसाने पंचेचाळीस वर्षं वाट बघितली, त्यातली महागाई धरली तर त्याचे पैसे अजून पण परत आले नाहीत. हे मी कोणाला घाबरवायला लिहीत नाही. चांदीला आज खरी मागणी आहे, वीज वाहून न्यायला तिच्यासारखा दुसरा धातू नाही, सोलर पॅनलमध्ये लागते, गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये लागते, जगातली अर्ध्याहून जास्त चांदी आता कारखान्यांत जाते. आणि खाणीतून ती बहुतेक तांबं, शिसं, जस्त काढताना बरोबर येते, म्हणून भाव वाढला की लगेच जास्त काढता येते असं पण नाही. चढ-उतार एवढे का असतात त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

ज्याला खरंच पैसे गुंतवायचे आहेत त्याने 999 ची, म्हणजे जवळजवळ शुद्ध चांदीची, वीट किंवा बिस्कीट बिलासकट घ्यावं, नाहीतर सिल्व्हर ईटीएफ, म्हणजे चांदीच्या भावावर चालणारे, शेअरसारखे विकत घ्यायचे फंड, 2022 च्या जानेवारीपासून आपल्याकडे आहेत, लॉकर नको आणि मजुरी पण नाही. त्यात पण डोळे उघडे ठेवायला लागतात. ऑक्टोबर 2025 मध्ये देशात चांदीचाच तुटवडा पडला, ईटीएफ खऱ्या भावाच्या बऱ्याच वर विकले जायला लागले, काही फंडांनी तर त्यांच्या सिल्व्हर फंडात एकरकमी पैसे घेणंच थांबवलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात घाईने वरच्या भावात ईटीएफ घेतलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. अडीअडचणीला तारण ठेवायचं असेल तर मात्र उलटं आहे, रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या नियमांप्रमाणे चांदीच्या दागिन्यांवर 10 किलोपर्यंत आणि नाण्यांवर 500 ग्रॅमपर्यंत कर्ज मिळू शकतं, विटेवर नाही, हे नियम लागू करायला 1 एप्रिल 2026 पर्यंतची मुदत दिली होती. आणि ते कर्ज पण टंच बघूनच, कर्जदाराच्या समोर कस तपासून. म्हणजे फिरून फिरून गाडी टंचावरच येते.

आता दुसरी बाजू, जी माझ्या जास्त जवळची आहे. माझी भाची चांदीचे डिझायनर दागिने करते. साखळी गावात घराच्या मागच्या खोलीत तिचं टेबल, एक छोटी लाटणी मशीन, गॅसची टॉर्च, आणि त्याच शेटकडून शिकलेलं काम. ती आपल्याकडच्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या असतात ना, त्या चौकोन-चौकोनांच्या जाळीची कानातली करते, अबोलीच्या वळेसरीसारखा, म्हणजे गजऱ्यासारखा, गळ्यातला हार करते, फूल फूल पुढच्यात अडकवलेलं. मी एकदा दुपारभर तिच्याजवळ बसले होते. पोलादी पट्टीच्या भोकांतून चांदीची तार ओढायची, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा लहान, तीन-चार वेळा ओढली की तार कडक होते आणि तुटायला बघते, मग ती तापवून परत मऊ करायची, परत ओढायची. अबोलीची एक पाकळी वाकवायला चिमट्याचे सात-आठ हलके दाब, जरा जास्त पडला की पाकळी चिमटली जाते आणि फेकायची. झाल्यावर दागिना तांब्यामुळे काळपट दिसतो, तो चिंचेच्या पाण्यात उकळला की दुधासारखा पांढरा होऊन बाहेर येतो, ते बघताना मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

ती 925 वापरते, हजारात 925 भाग चांदी आणि बाकी तांबं, कारण शुद्ध चांदी एवढी मऊ की कानातल्याची तार दोन दिवसांत वाकडी होईल. म्हणजे डिझायनर दागिन्यात 925 असणं ही भेसळ नाही, ती कामाची गरज आहे, फक्त तसं सांगून विकलं पाहिजे. भाची सांगते, बिलावर लिहिते, दागिना झाला की हॉलमार्कला, म्हणजे कस तपासून शिक्का मारून घ्यायला, पाठवते. तरी स्टॉलवर लोक काय म्हणतात माहितीये? "बाये, मातशें कमी कर गो, चांदी कितली आसा हांतूंत?" 14 ग्रॅमची कानातली, तिच्यात शुद्ध चांदी 13 ग्रॅमच्या आत, दीडशेच्या भावाने 1,950 रुपये पण होत नाहीत, आणि ती मागते 4,500. उरलेल्यात तिचे अडीच दिवस, गॅस, पॉलिश, हॉलमार्क, स्टॉलचं भाडं. साडी घेताना आपण सुताचं वजन करतो का? मग इथेच का? आणि भाव असा उड्या मारतो तेव्हा सगळ्यात जास्त मार तिलाच बसतो, ऑर्डर घेतली एका भावाने आणि चांदी आणायला गेली तोपर्यंत दुसरा भाव. 2025 च्या शेवटच्या तीन महिन्यांत तिने तीन लग्नांच्या ऑर्डरी घाट्यात पुऱ्या केल्या, शब्द दिला होता म्हणून.

गोव्यातल्या हाताला हे काम नवीन नाही. जुन्या गोव्याला बॉम जेझूमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी आहे, खालचा संगमरवरी चौथरा इटलीहून आला पण पेटी 1637 च्या सुमाराला इथल्याच सोनारांनी घडवली, चांदीच्या पत्र्यावर ठोकून ठोकून संताच्या आयुष्यातले प्रसंग उठवलेत. 2024 च्या प्रदर्शनाला लाखो लोक येऊन गेले, किती जणांनी त्या पेटीच्या कडेची नक्षी थांबून बघितली असेल? आपल्या देवळांतल्या पालख्यांवर पण हेच काम आहे. भाचीच्या हातात जे आहे ते तिथून आलेलं आहे, आणि तिच्या बाजूच्या गावात हे शिकायला आज एक पण मुलगा नाही, मुलगी तर नाहीच.

त्यात परत किनाऱ्यावरचे बाजार. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात टुरिस्टांना "प्युअर सिल्व्हर" म्हणून विकलं जातं त्यातलं पुष्कळसं जर्मन सिल्व्हर असतं, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, नावात सिल्व्हर आणि आत चांदीचा कण नाही. ऑक्सिडाइज्ड केलं की वरून ओळखू पण येत नाही, दोन्ही काळंच. तीनशे रुपयांना फॅन्सी म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, मी पण घेतलंय, पण "925" असा ठसा मारून विकतात तेव्हा मार माझ्या भाचीलाच बसतो. नुसता 925 चा आकडा कोणी पण ठोकू शकतो, त्याला काही अर्थ नाही हे लोकांना माहीतच नाही. (आणि एक, आपल्या दमट हवेत चांदी काळी पडली म्हणून ती खोटी असं कोणी समजू नका, हवेतल्या गंधकाने खरी चांदी पण काळी पडते, 925 तर जास्तच. रबरबँड लावून ठेवू नका आणि टूथपेस्टने घासू नका, ओरखडे पडतात.)

मग खरं कसं ओळखायचं? 1 सप्टेंबर 2025 पासून बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, चांदीला पण सोन्यासारखा एचयूआयडी नंबर, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख नंबर, सुरू केलाय. दागिन्यावर बीआयएसची खूण, सिल्व्हर हा शब्द आणि त्यापुढे टंच, तो इथे हजारात लिहितात, म्हणजे 800, 925, 990 जे असेल ते, आणि सहा अक्षर-आकड्यांचा नंबर, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की वस्तू काय, कस किती, कुठल्या सेंटरमध्ये तपासली ते सगळं येतं. पाच मिनिटांचं काम. पण सोन्याला हे 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं केलं आणि चांदीला ते ऐच्छिकच ठेवलंय. म्हणजे जो प्रामाणिक आहे तो पैसे घालून शिक्का मारून घेतो आणि ज्याला लपवायचंय त्याच्यावर बंधन काही नाही. डिचोली-म्हापसा-फोंडा मिळून मी सात दुकानांत पैंजण बघायच्या निमित्ताने विचारलं, दोन ठिकाणी एचयूआयडीचा माल होता, तीन ठिकाणी "चांदीला नसतं हो ते" असं उत्तर मिळालं, आणि दोन ठिकाणी मी उगीच वेळ खाते अशा नजरेने बघितलं. बाई दागिना घेते तेव्हा तिने टंच विचारणं यात वेळ खाण्यासारखं काय आहे?

माझं मागणं सरकारकडे आहे की चांदीला पण हॉलमार्क सक्तीचा करा, पैंजण 65 चं असलं तरी विका, पण बिलावर 65 लिहा आणि भाव 65 चाच घ्या. तोपर्यंत दुकानदारांनी स्वतःहून बिलावर तीन रकाने करावे, वजन, टंच आणि मजुरी वेगवेगळी. शेट म्हणाले की त्यांची तयारी आहे, चार चांगल्या पेढ्यांनी सुरू केलं की बाकीच्यांना करायला लागेल.

आणि तुमच्याकडे मागणं हे की त्या भावाच्या चौकटीत तुम्ही रोज जो चांदीचा भाव देता तो 999 चा असतो, पण तसं लिहिलेलं नसतं. माझी आई तोच आकडा वाचून दुकानात जायची, मी पण तोच डोक्यात घेऊन म्हापशाला गेले. त्याच्यापुढे "999" एवढं लिहा आणि खाली आणखी दोन ओळी द्या, 925 चा ग्रॅमचा भाव आणि 800 चा ग्रॅमचा भाव. साधा गुणाकार आहे, तुमच्या माणसाला रोजचं एक मिनिट लागेल. सोन्याचा 24 आणि 22 कॅरेटचा भाव तुम्ही वेगळा देताच की.

पैंजण मी मोडलं नाही. हॉस्टेलचे पैसे सोसायटीतून काढले. चिठ्ठीच्या मागे मी शाईच्या पेनने लिहून ठेवलंय, "210 ग्रॅम, 62 टंच, चांदी 130 ग्रॅम" आणि ती पैंजणाबरोबर मुलीच्या डब्यात ठेवलीय.

आपली,
एक वाचक, डिचोली